पंक्तीत कोण राहून गेले?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७



यरुशलेमेतील मंडळी वाढत होती, आणि त्याच वेळी तिच्या रोजच्या वाटणीत चूक होत होती. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवा राहून जात होत्या. लूकने हे झाकले नाही. आपण मात्र अहवालात किती जणांना मिळाले ते लिहितो. कोण राहिले, ते क्वचितच.

प्रेषितांनी काय केले ते सावकाश वाचा. कुरकुर करणाऱ्यांना त्यांनी गप्प केले नाही. सर्व शिष्यांना बोलावून अडचण उघडपणे मांडली आणि सात जण निवडायला सांगितले. आता पाचव्या वचनातील नावे मोठ्याने वाचा. स्तेफन, फिलिप्प आणि पुढचे पाच. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा राहून जात होत्या, त्यांच्यातलीच माणसे वाटणीवर बसवली गेली, असे यावरून दिसते.

आज कारखान्यांत ‘लीन’ नावाची कामाची पद्धत शिकवतात. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या मराठीत लीन म्हणजे नम्र, आणि तो अर्थही इथे चालेल. या पद्धतीचे मूळ जपानच्या टोयोटात आहे. साकिची तोयोदा हा सुताराचा मुलगा. त्याच्या १९२४ च्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे, म्हणजे चूक पुढे कापडात विणली जात नसे. पुढे त्या कंपनीतील ताइची ओनो यांनी पाच वेळा “का?” विचारायला शिकवले. यंत्र बंद पडले, का? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण कमी पडले. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का? गाळणी नव्हती, म्हणून लोखंडाचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र पुन्हा बंद पडले असते.

काही मालक या पद्धतीच्या नावाखाली माणसेच कमी करतात. यरुशलेमेत तर सात माणसे वाढवली गेली.

आमच्या फिरत्या दवाखान्याची गोष्ट सांगतो. सातपुड्यातील एका गावात आम्ही महिन्यातून एकदा जातो. नोंदवहीत वरच्या पाड्यातील आयांची नावे जवळजवळ नव्हती. “त्यांना औषधाची आस्थाच नाही,” असे आम्ही बैठकीत म्हणायचो. मीही म्हटले आहे. शेवटी एक दिवस पाडा चढून गेलो. तिथली एक आजी म्हणाली, आम्ही आलो होतो, दिवस कलेपर्यंत बसलो आणि तसेच परत गेलो.

का? त्यांचा नंबर पुकारला गेला, पण त्यांना कळला नाही. का? त्या पावरी बोलतात आणि आम्ही “सत्तावीस, अठ्ठावीस” असे मराठीत पुकारत होतो. का? टेबलावर पावरी जाणणारे कोणीच नव्हते. का? स्वयंसेवक सगळे सडकेकडच्या गावातले. का? ते आम्हीच निवडले होते, आपल्या ओळखीतले. पाचव्या “का”ला बोट आमच्याकडेच वळले.

आता वरच्या पाड्यातील दोघीजणी टेबलावर बसतात आणि नंबराऐवजी नावाने हाक मारतात. खर्च काहीच वाढला नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी आणखी एक चूक दाखवली. गोळ्या कधी घ्यायच्या हे आम्ही पाकिटावर लिहून देत होतो आणि घेणाऱ्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हते. आता पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढतो. सूर्य दोन्ही वेळांना सारखाच वाटतो, अशी तक्रार त्यानंतर आली. म्हणून सकाळच्या सूर्याखाली डोंगर काढला.

गटात हा भाग अभ्यासताना सातव्या वचनाकडे, मंडळीच्या वाढीकडे, लगेच धावू नका. पहिल्या वचनावर थांबा आणि आपल्या मंडळीच्या वाटणीत, शिबिरात, सणाच्या जेवणात कोणाचे नाव वहीत नाही ते शोधा. वही सोबत आणा.

पावसाळ्यात नाला भरला की वरचा पाडा अजूनही तुटतो. त्या “का”चे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. जूनच्या आधी त्या दोघींसोबत नाल्यावर जाऊन बघणार आहोत. प्रार्थनेत आठवण ठेवा.