दुखणे जसे आहे तसे सांगणे

दीघनिकायातील संगीतिसुत्ताच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे. पावा नगरीच्या मल्लांनी नवे सभागृह बांधले होते आणि त्याचा पहिला वापर तथागतांनी करावा अशी त्यांची विनंती होती. तथागतांनी रात्री उशिरापर्यंत मल्लांना धम्मदेशना दिली. मल्ल आपापल्या घरी गेले, पण भिक्खुसंघ अद्याप जागा होता आणि ऐकण्यास उत्सुक होता. तेव्हा तथागत सारिपुत्तांना म्हणाले की यापुढील देशना तुम्ही द्या, माझी पाठ दुखते आहे, मी थोडा आडवा होतो. मग संघाटीची चौपदरी घडी घालून ते उजव्या कुशीवर पहुडले आणि सारिपुत्तांनी बोलावयास प्रारंभ केला.

या सुत्तावर व्याख्यान देणारे आपले वक्ते बहुधा सारिपुत्तांच्या देशनेकडे वळतात आणि पाठीचे वाक्य मागे राहते. प्रस्तुत लेखकाला मात्र ते वाक्य फार मोलाचे वाटते. ज्यांना सारा संघ शास्ता मानत होता, त्यांनी भर सभेत आपल्या शरीराचे दुखणे सांगितले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या घरांकडे पाहू. पनवेलहून पहाटेची लोकल धरणारे, औद्योगिक वसाहतीत पाळीवर उभे राहणारे, दिवसभर रिक्षा चालविणारे, धुणीभांडी करणाऱ्या माताभगिनी, या सर्वांच्या तोंडी पायदुखी असते. ‘पाय दुखतात’ एवढे सांगायला कोणी लाजत नाही. पण त्या दुखण्यासोबत जे येते ते सांगायची वेळ आली की जीभ अडते. जांघेत मुंग्या येतात, बसण्याच्या जागी बधिर वाटते, लघवीला गेल्यावर ती सुटत नाही किंवा कळण्याआधीच सुटते, पतिपत्नीच्या संबंधात अडचण येते. मग डॉक्टरांसमोर बसून माणूस नुसते ‘गुडघा धरलाय’ म्हणतो, वेदनाशामक गोळ्या घेतो आणि घरी येतो.

हे असे का होते हे समजण्यासाठी शरीराची रचना थोडी पाहावी लागेल. पायांना वेदना, स्पर्श व हालचाल पुरविणारे मज्जातंतू, म्हणजे आपण ज्यांना बोलीत शिरा म्हणतो ते, कमरेच्या मणक्यांतून निघतात. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागात ते घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखे एकत्र गुच्छाने असतात. त्याच गुच्छात मूत्राशय, गुदद्वार व जननेंद्रिये यांचे मज्जातंतूही असतात. पायाची तार आणि लज्जेच्या अवयवांची तार एकाच जुडीत बांधलेली आहे. म्हणून पाय दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाला डॉक्टर जेव्हा विचारतात, ‘लघवी-संडास नीट होते का?’, तेव्हा तो प्रश्न आगाऊपणाचा नसतो. जुडीचा किती भाग दाबला गेला आहे हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

मणक्यांमधील चकती सरकून शीर दाबली गेली की कुल्ल्यापासून मांडीच्या मागून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत चमक जाते. यालाच सायटिका म्हणतात. खोकताना, शिंकताना ती वाढते. बहुतेकांना काही आठवड्यांत औषध, बेताची हालचाल व व्यायाम यांनी आराम पडतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येत नाही. सायटिका झाली म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु दोन्ही पायांत एकदम दुखू लागले, पायातील शक्ती कमी होत चालली, सायकलच्या खोगिरावर जो भाग टेकतो तेवढाच भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी दाब तातडीने, शक्यतो एकदोन दिवसांत, मोकळा करावा लागतो. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपायी ‘दोन दिवस बघू’ म्हणण्याची किंमत ही आहे. हाडवैद्याकडे किंवा मालीशवाल्याकडे जाऊन कंबर तुडवून घेण्याची तर ही वेळ मुळीच नव्हे.

लज्जेचे दुखणे लपविण्याची रीत नवी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात मगधराज बिंबिसाराची कथा आहे. राजाला भगंदर झाला होता. वस्त्रांना रक्ताचे डाग पडत. ते पाहून राण्या थट्टा करीत की महाराजांना ऋतू प्राप्त झाला, आता लवकरच प्रसूतीही होईल. राजा ओशाळला. ज्याच्या शब्दावर मगधाचे सैन्य हलत होते तो स्वतःच्या अंतःपुरात मान खाली घालून वावरू लागला. अखेर त्याने आपला पुत्र अभय राजकुमार याला हे सांगितले. अभयाने जीवकाला पाठविले. तक्षशिलेत सात वर्षे शिकून आलेल्या त्या तरुण वैद्याने नखावर थोडे औषध घेतले आणि एकाच लेपाने राजाला बरे केले. राजाने बक्षीस म्हणून पाचशे स्त्रियांचे अलंकार देऊ केले, ते जीवकाने घेतले नाहीत. मग राजाने त्याला आपला, अंतःपुराचा आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाचा वैद्य नेमले. औषध नखावर मावेल एवढेच होते. अवघड होते ते पहिले वाक्य, आणि राजाने ते विश्वासाच्या माणसाजवळ उच्चारले. ज्यांना थेट डॉक्टरांकडे जाण्याचा धीर होत नाही त्यांनीही घरातील एक अभय शोधावा.

त्याच महावग्गात, अतिसाराने पीडित होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी व आनंदांनी न्हाऊ घातल्याची कथा आपल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतर जो भाग येतो तो मात्र क्वचितच सांगितला जातो. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा सोपी आणि कोणत्याची कठीण, याची पाच-पाच लक्षणे तेथे दिली आहेत. त्यातले एक असे की सोपा रुग्ण आपले हित इच्छिणाऱ्या शुश्रूषकाला आजार जसा आहे तसा उघड करतो. वाढत असेल तर वाढतो आहे, कमी होत असेल तर कमी होतो आहे आणि तसाच असेल तर तसाच आहे, असे सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या सांगण्यात आजच्या डॉक्टरांच्या तपासणीचा निम्मा भाग आला. संघाच्या वैद्यकात पायांनाही जागा होती. पिलिंदवच्छ भिक्खूचे पाय फुटले तेव्हा पायांना लावण्याचे तेल अनुज्ञात झाले, अंगातील वातासाठी शेक देण्याचे निरनिराळे प्रकार आणि सांध्यांतील वातासाठी रक्त काढणे अनुज्ञात झाले. उपाय त्या काळचे होते, आज त्यांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. आजार उघडपणे सांगितला जात होता आणि त्यावर विचार होत होता, हे लक्षात घ्यावे.

मग आपण सांगावे कसे? अवघड शब्द तोंडातून निघत नसतील तर कागदावर लिहून न्यावे व तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. दुखणे कोठून निघते आणि कोठे जाते हे बोटाने दाखवावे. केव्हापासून, दिवसा अधिक की रात्री, चालताना की बसल्यावर, हे सांगावे. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी चमक येते की काहीच कळत नाही, यांतील फरक सांगावा, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते. सोबत आलेल्या माणसासमोर बोलता येत नसेल तर त्याला बाहेर बसण्यास सांगावे. आपल्या घरांत सासूसोबत सून किंवा आईसोबत मुलगा जातो आणि रुग्णाऐवजी तोच बोलतो, हे बरे नव्हे. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मागता येते, निदान तपासणीच्या वेळी परिचारिका जवळ असावी असे म्हणता येते. रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या खात्रीशीर इलाजाच्या ज्या जाहिराती रंगविलेल्या दिसतात, त्यांचा सारा धंदा आपल्या लाजेवर चालतो.

पायांच्या रात्रीच्या वेदनांची गोष्ट निघाली की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि डॉक्टर ज्याला न्यूरायटिस म्हणतात ती मज्जातंतूंची पीडा त्यांच्या पायांत होती. संविधानाचा मसुदा तयार होत होता त्या काळात या वेदनांनी त्यांच्या रात्री निद्रेविना जात होत्या, ते इन्सुलिन घेत होते. निकटच्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत या दुखण्याचा उल्लेख सरळ येतो. मुंबईस डॉ. मालवणकरांकडे उपचार घेताना त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. पुढे १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळविले की माझ्या प्रकृतीची मला व माझ्या डॉक्टरांना चिंता वाटते, सलग महिनाभर उपचार हवे आहेत, म्हणून हिंदू कोड बिल त्याआधी विचारात घ्यावे. आपल्या सभांत बाबासाहेबांनी देह झिजवला एवढेच सांगितले जाते. ते खरेच आहे. पण देशाच्या पंतप्रधानाला स्वतःच्या आजाराविषयी लेखी कळविणारे बाबासाहेबही तेच होते.

मधुमेह असलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तळपायांची रात्री आग होणे, गादीवर चालल्यासारखे वाटणे, पायाला खिळा टोचला तरी न कळणे ही मज्जातंतू बिघडत असल्याची चिन्हे आहेत. पुरुषांतील लैंगिक दुर्बलता हेही त्याच बिघाडाचे एक रूप असू शकते आणि कित्येकदा मधुमेहाचा पत्ता त्यावरूनच लागतो. रक्तातील साखर तपासून घेणे हा येथे पहिला उपाय होय. ‘ब-१२’ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असेच होते आणि ती भरून काढता येते. दारूनेही मज्जातंतू जळतात. विहारात पंचशील ग्रहण करणारा उपासक डॉक्टरांसमोर पिण्याची गोष्ट लपवितो, कारण कबुली दिली तर शील मोडल्याचे कळेल असे त्याला वाटते. डॉक्टर शीलाचा हिशेब मागत नाहीत. ते फक्त किती आणि किती वर्षे एवढेच विचारतात. तेथे खोटे बोलले की पाचव्याबरोबर चौथे शीलही जाते, आणि औषध भलतेच मिळते ते वेगळेच.

शेवटी, ज्या आजाराच्या नावानेच आपण गप्प होतो त्याविषयी. पनवेलपासून जवळच नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग त्वचेचा समजला जातो, परंतु त्याचे जंतू मज्जातंतूंवरही हल्ला करतात आणि व्यंग येते ते मज्जातंतू मेल्यामुळे. कोपराच्या आतील बाजूची किंवा गुडघ्याच्या बाहेरील बाजूखालची शीर जाड होऊन दुखू लागते. चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, पाऊल लुळे पडते. फिकट वा लालसर बधिर चट्टा पुष्कळदा कुल्ल्यावर किंवा मांडीवर असतो. आशाताई घरोघर तपासणीस येतात तेव्हा चेहरा व हात दाखविले जातात आणि हा चट्टा कपड्याखालीच राहतो. राजगृहातील सुप्पबुद्ध नावाच्या दरिद्री कुष्ठरोग्याची कथा उदानात आहे. गर्दी पाहून काही खायला मिळेल म्हणून तो आला आणि त्या साऱ्या परिषदेत धम्म समजण्याची पात्रता तथागतांना त्याच्यात दिसली. विनयात कुष्ठरोग्याला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे हे विद्यार्थी दाखवून देतील. पण तो नियम जीवकाचा औषधोपचार मिळावा एवढ्यासाठीच लोक चीवर घेऊ लागल्यामुळे करावा लागला, हेही तेथेच नमूद आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचविलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्ण बरा होतो. सन २००५ अखेर देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ मध्ये काढण्यात आले. पत्नीने किंवा पतीने हा आजार लपविण्याचे ते एक कारण आता उरलेले नाही. औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि आजाराच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. त्यांपैकी एकाने लघवी तांबूस होते, दुसऱ्याने कातडी काही काळ काळपट दिसते. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका उरत नाही, त्यामुळे त्याचे ताट किंवा अंथरूण वेगळे करण्याचे कारण नाही. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही एखादी शीर अचानक दुखू लागली, हात वा पाय ढिला पडू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशक्तपणा सुरू होऊन सहा महिने उलटलेले नसतील तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते.