उद्योगपतींचे दप्तर आणि आमचा सातबारा

उद्योजक घराण्यांचे कागद म्हणजे नुसते हिशेब नव्हेत. १८९८ साली जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्थेच्या कल्पनेसाठी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिले; १९०९ साली बंगलोरची संस्था स्थापन झाली. टाटांचे ऐतिहासिक दप्तर आपल्या पुण्यातच जतन केले आहे.

परंतु टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला; सेनापती बापटांनी तुरुंगवास भोगला. त्या शेतकऱ्यांचे दप्तर कोठे आहे? आमच्या घरी कागद म्हणजे सातबाराचा उतारा तेवढाच. बाकी सारे आजीच्या तोंडी. म्हणून अभ्यासकाने घराण्याचे कागद आदराने वाचावेत; पण दुसरी बाजू सरकारी दप्तरांत, जुन्या वर्तमानपत्रांत व वृद्धांच्या आठवणींत शोधावी. नाही तर ज्याचे कपाट मोठे, त्याचाच इतिहास खरा ठरेल.