मोबदल्याचा अर्ज आणि 'द' हें उपपद

मराठींत 'विकास' हा शब्द एकवचनीं व अनेकवचनीं सारखाच लिहिला जातो. आणि 'अ', 'द' यांसारखीं उपपदें तर आपल्या भाषेंत मुळींच नाहींत. म्हणून इंग्रजी लिहितांना आमच्या विद्यार्थ्यांची लेखणी भाववाचक नामापाशीं हटकून अडखळते. कोणी दिसेल त्या नामास 'द' चिकटवितो, कोणी सारेच गाळतो.

नवी मुंबईंतील मुलांस उदाहरण दूर शोधावयास नको. सन १९७० मध्यें स्थापन झालेल्या सिडकोच्या लांबलचक इंग्रजी नांवांतच 'डेव्हलपमेंट' हें भाववाचक नाम आहे. विकास ही सामान्य कल्पना सांगावयाची असेल, तर 'डेव्हलपमेंट' एकटेंच लिहावें. अमुक एका ठिकाणचा विकास म्हणावयाचें असेल, तर 'द डेव्हलपमेंट ऑफ वाशी' असें लिहावें. पण 'अवर व्हिलेज नीड्स अ डेव्हलपमेंट' असें लिहिलें, तर गांवास इमारतींची एक नवी वसाहत हवी आहे, असा अर्थ वाचणारा घेईल! गांवकऱ्यांस नेमकी तीच नको असावयाची.

'कॉम्पेन्सेशन', म्हणजे मोबदला, हा शब्द याहून जपून वापरावा. हें शहर ९५ गांवांच्या जमिनींवर वसलें. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण गमावले. पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. अशा घरांतील आजोबांचा इंग्रजी अर्ज पुष्कळदां शाळेंत जाणारा नातूच लिहितो.

त्यानें 'कॉम्पेन्सेशन्स' असें अनेकवचन करूं नये. त्याचा अर्थ दुःखांतील दिलासे असा होऊं लागतो. हप्ते अनेक असले तरी नाम एकवचनींच राहतें. आतां 'वुई हॅव नॉट रिसीव्ह्ड कॉम्पेन्सेशन' हें वाक्य पाहा. व्याकरणांत दोष नाहीं, पण अर्थ असा कीं, मोबदला म्हणून एक पैही मिळाली नाहीं. पहिला हप्ता घेतलेला असेल, तर अर्जदार खोटा ठरतो. 'द कॉम्पेन्सेशन' म्हटलें, म्हणजे ठरलेली ती रक्कम. पण तीही संपूर्ण कीं उरलेली, हा संशय राहतोच. म्हणून अशा वेळीं 'द रेस्ट ऑफ द कॉम्पेन्सेशन' असें लिहावें, आणि मिळालेल्या हप्त्याची तारीख व रक्कम त्याच वाक्यांत घालावी.