डोळा : घंटा एक, पाठ अनेक

‘ज्ञानेंद्रिये’ हा पाठ शिकविताना मानवी डोळ्याची आकृती फळ्यावर काढावी, भागांची नावे लिहून द्यावीत आणि मुलांनी ती पाठ करावीत, असा प्रघात आहे. त्याच पाठात निरनिराळ्या प्राण्यांच्या डोळ्यांची तुलना केल्यास मुलांचे कुतूहल जागे होईल. गांडुळास डोळे नाहीत. तथापि त्याच्या त्वचेतील प्रकाशग्राही पेशींमुळे त्यास उजेड कळतो. गोगलगाईचे डोळे शिंगांच्या टोकांशी असतात. फळमाशीचा डोळा शेकडो लहान नेत्रिकांचा बनलेला असतो. कोकणातील बाजारात मिळणाऱ्या माकुलाच्या डोळ्यात मात्र आपल्याप्रमाणेच एक भिंग व त्यामागे दृष्टिपटल असते.

इतक्या भिन्न रचनांचा मुळाशी काही संबंध असेल, असे पूर्वी बहुतेक जीवशास्त्रज्ञांस वाटत नसे. १९९४ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वाल्टर गेहरिंग व त्यांचे सहकारी यांस असे आढळले की, फळमाशीतील ‘आयलेस’ हे जनुक आणि उंदीर व मनुष्य यांतील ‘पॅक्स-६’ हे जनुक यांत विलक्षण साम्य आहे. (‘आयलेस’ म्हणजे नेत्रहीन. जनुक बिघडले असता जो दोष दिसतो, त्यावरून त्याचे नाव ठेवण्याची शास्त्रज्ञांची ही चाल थोडी उफराटीच म्हणावयाची.) पुढच्याच वर्षी त्यांनी हे जनुक अळीच्या शरीरात भलत्याच ठिकाणी कार्यान्वित केले, तेव्हा माशीच्या पायांवर, पंखांवर व स्पर्शिकांवर डोळे उत्पन्न झाले. उंदराचे जनुक वापरले तरीही तसेच घडले. मात्र उगवला तो डोळा माशीचाच, उंदराचा नव्हे.

असे का व्हावे? शाळेची घंटा एकच असते. ती होताच पहिलीत बाराखडी व सातवीत भूमिती सुरू होते. तद्वत हे जनुक ‘येथे डोळा घडवा’ एवढीच सूचना देते. पुढील घडण त्या त्या प्राण्याची इतर अनेक जनुके करतात. म्हणून एकाच जनुकाने डोळा बनतो, असे मुलांस सांगू नये. सूचना अतिप्राचीन व सामाईक. भिंगाचा डोळा मात्र माकुलाच्या व आपल्या वंशात स्वतंत्रपणे घडला.

याचा पुरावा वर्गातच देता येतो. कागदावर डावीकडे फुली व तिच्या उजवीस सुमारे ७ सेंटिमीटरवर ठळक टिंब काढावे. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे २५ सेंटिमीटरवर टिंब दिसेनासे होते. आपल्या दृष्टिपटलातील मज्जातंतू पुढच्या बाजूने येऊन एका ठिकाणी पटल भेदून बाहेर पडतात. तेथे दृष्टी नसते. माकुलाचे तंतू पटलाच्या मागूनच निघतात. त्यास असा अंधबिंदू नाही.

‘पॅक्स-६’ च्या जोडीपैकी एक प्रत निकामी असल्यास मुलाच्या बुबुळातील रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, बहुधा अपुरी राहते किंवा जवळजवळ नसतेच. अशा मुलास उजेड सोसत नाही व फळा स्पष्ट दिसत नाही. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे कोणी म्हणत असल्यास पालकांस खरे कारण समजावून सांगावे. माता-पित्यांपैकी एकास हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा असतो. दोघेही निर्दोष असतानाही तो नव्याने उद्भवू शकतो. त्या मुलास खिडकीकडे पाठ करून पुढे बसवावे, वर्गातही टोपी घालू द्यावी आणि काचबिंदूचा धोका असल्याने नेत्रतज्ज्ञाकडून नियमित तपासणी करून घेण्यास पालकांस सांगावे.