सरकारचीच जमीन, मग बंदी कोणावर?

प्रश्न : मुलगा अॅरिझोनात असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा ग्रँड कॅनियन पाहिलं. आसपासची दहा लाख एकर सरकारी जमीन वीस वर्षं खाणींना बंद केली आहे, असं तिथे कळलं. जमीन सरकारचीच आहे, तर परवानगी दिली नाही की झालं! वेगळी बंदी कशाला? आणि वीसच वर्षं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. इथे बॉक्साइट काढायचं तर सरकारकडून खाणपट्टा घ्यावा लागतो. मुरूम उचलायचा तरी महसूल खात्याचा परवाना हवा. सरकारने दिला नाही, विषय संपला. अमेरिकेत सोनं, चांदी, तांबं, युरेनियम यांच्या बाबतीत सगळं उलटं आहे. 10 मे 1872 रोजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी सही केलेला खाण कायदा तिथे अजून लागू आहे. त्यानुसार पश्चिमेकडची केंद्र सरकारची जमीन मुद्दाम बंद केलेली नसेल, तर ती खुलीच समजायची. कोणीही नागरिक जातो, खनिज शोधतो, हद्दीवर खुंट रोवतो आणि दाव्याची नोंद करतो. खडकातल्या शिरेसाठी जास्तीत जास्त 1500 फूट लांब आणि 600 फूट रुंद, म्हणजे साधारण 20 एकरांचा तुकडा मिळतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसाच प्रकार. फक्त तिथे रुमालाला कायद्याचं पाठबळ आहे.

हे खुंट म्हणजे पुष्कळदा पांढरे पीव्हीसी पाइप. नेवाडात असे पाइप हजारोंनी उभे राहिले. वरचं तोंड उघडं, आतून गुळगुळीत. ढोलीत घरटं करणारे लहान पक्षी आत उतरायचे आणि वर येता न आल्याने मरायचे. शेवटी असे पोकळ खुंट उपटायची मुभा 2011 पासून सर्वसामान्य लोकांनाही मिळाली.

प्रत्यक्ष खोदायच्या आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, पर्यावरणाचे नियमही आहेत. पण ‘इथे खाण नकोच’ असं सरसकट सांगणं अधिकाऱ्यांना अवघड जातं. आणि या खनिजांवर केंद्र सरकारला स्वामित्वधन मिळत नाही, एक डॉलरसुद्धा नाही. पूर्वी तर दावेदार एकरी अडीच किंवा पाच डॉलर भरून जमिनीचा मालकच होऊ शकत असे. 1994 मध्ये नेवाडातली सुमारे 1,950 एकर जमीन बॅरिक कंपनीला 9,765 डॉलरमध्ये मिळाली. तिच्या पोटातल्या सोन्याची किंमत तेव्हा 10 अब्ज डॉलर धरली जात होती. अंतर्गत खात्याचे मंत्री ब्रूस बॅबिट यांना हा व्यवहार मुळीच पसंत नव्हता, पण कायद्यामुळे सही करावी लागली. त्याच वर्षी संसदेने मालकीहक्काचे नवे अर्ज घेणं थांबवलं. दावे मात्र आजही लावता येतात.

तेव्हा ‘परवानगी दिली नाही की झालं’ हा मार्गच सरकारकडे नसतो. दावे लागण्याआधी ती जमीन कायद्याच्या कक्षेतून बाहेर काढणं, हाच एक उपाय उरतो.

अशी बंदी नेहमी झाडं, पाणी, प्राणी यांच्यासाठीच असते असंही नाही. सर्वांत गाजलेली बंदी खनिज वाचवण्यासाठीच होती. 1897 पासून तेलाच्या जमिनींवरही दावे लावता येऊ लागले. कॅलिफोर्नियात झुंबड उडाली. जमिनीखालचं तेल कुंपण ओळखत नाही. शेजाऱ्याने आधी विहीर मारली तर आपल्याखालचंही तोच ओढणार, म्हणून प्रत्येकाला घाई. त्याच सुमारास नौदलाची जहाजं कोळशावरून तेलावर येऊ लागली होती. आज फुकट दिलेलं तेल उद्या सरकारलाच विकत घ्यावं लागेल, असा इशारा भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या प्रमुखांनी दिला. 27 सप्टेंबर 1909 रोजी अध्यक्ष टाफ्ट यांनी कॅलिफोर्निया आणि वायोमिंगमधली तीस लाखांहून जास्त एकर जमीन एका आदेशाने बंद केली.

संसदेने खुली ठेवलेली जमीन अध्यक्ष बंद कशी करू शकतो? वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1915 मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी टाफ्ट यांची बाजू उचलून धरली गेली. असे आदेश अध्यक्ष वर्षानुवर्षं काढत आले आणि संसद गप्प राहिली, म्हणजे तिची संमती आहे, असा तो युक्तिवाद. 1920 च्या कायद्याने तेल दाव्यांतून काढून कोळशासह भाडेपट्ट्यावर आणलं. सोनं-तांबं 1872 च्याच कायद्यात राहिलं, आणि माझ्या मते अमेरिकेची खरी चूक तिथे झाली.

बंद दरवाजाची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. बंद केलेल्या जमिनींतून नौदलासाठी राखीव साठे ठेवले होते. 1922 मध्ये अंतर्गत मंत्री आल्बर्ट फॉल यांनी त्यातला वायोमिंगचा टीपॉट डोम गुपचूप एका तेलसम्राटाला पट्ट्याने दिला. कॅलिफोर्नियाच्या साठ्यासाठी दुसऱ्या तेलवाल्याकडून एक लाख डॉलर रोख घेतले. पुढे ते लाचखोरीत दोषी ठरून तुरुंगात गेले.

आपल्या 1957 च्या खाण कायद्यातही खनिज जपण्यासाठी क्षेत्र राखून ठेवायची तरतूद आहे, कलम 17-ए. पण आपल्याकडे मुळात कोणी खुंट रोवून हक्क सांगू शकत नाही, त्यामुळे त्याची एवढी चर्चा होत नाही.

आता वीस वर्षांचं. 1976 च्या कायद्याने संसदेने तो न्यायालयमान्य मोघम अधिकार काढून घेतला आणि मंत्र्यांना मोजूनमापून नवा दिला : पाच हजार एकर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर कमाल वीस वर्षं, संसदेला कळवून, मुदतवाढ देता येते. प्रस्तावाची नोटीस निघताच जमीन दोन वर्षांपर्यंत बंद होते, नाहीतर बातमी फुटताच खुंट घेऊन लोक धावतील. ग्रँड कॅनियनभोवतीची बंदी मंत्री केन सालाझार यांनी जानेवारी 2012 मध्ये युरेनियम आणि तशाच इतर खनिजांच्या नव्या दाव्यांवर घातली. मुख्य कारण पाणी : तळाशी राहणारे हवासुपाई आदिवासी तिथल्या झऱ्यांवर अवलंबून आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यातली बहुतेक जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली. त्या घोषणेतल्या बंदीला मुदत नाही.

मात्र आधीचे वैध दावे बंदीतही टिकतात. म्हणूनच दक्षिणेकडच्या पिन्यन प्लेन खाणीतून युरेनियम निघतं आहे.

पुन्हा अमेरिकेला जाल तेव्हा ऑरेगनमध्ये प्लश गावाजवळचा सनस्टोनचा माळ पाहा. तिथलं सार्वजनिक क्षेत्र खाण-दाव्यांना बंद ठेवलं आहे, म्हणून ते रत्न कोणालाही स्वतःपुरतं फुकट वेचता येतं. हत्यारं हातचीच चालतात. पाणी भरपूर न्या, जवळपास दुकान नाही.