पर्वतीय उद्यानांतील सरोवरे : नौकाविहाराचे नियोजन आणि परकीय प्रजाती

कॅनडाच्या रॉकी पर्वतराजीतील बॅन्फ, जॅस्पर, योहो व कूटनी या राष्ट्रीय उद्यानांचा १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील सरोवरांत कयाक किंवा पॅडलबोर्ड वल्हवण्याचा हंगाम अल्पच असतो. सुमारे १,७५० मीटर उंचीवरील लेक लुईझ बहुधा जूनच्या आरंभापर्यंत गोठलेले असते. हिमनदीचे पाणी उन्हाळ्यातही इतके थंड असते की, नाव उलटताच श्वासावरील ताबा सुटतो. अशा वेळी नावेत ठेवलेले जीवरक्षक जाकीट निरुपयोगी ठरते. ते अंगातच असावे लागते. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या मिनेवान्का सरोवरात वारा झपाट्याने वाढतो, म्हणून किनाऱ्यालगतचा मार्ग श्रेयस्कर.

परीक्षार्थींच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग नाव पाण्यात उतरण्यापूर्वीचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये बॅन्फमधील जॉन्सन सरोवरात 'व्हर्लिंग डिसीज' हा माशांचा रोग कॅनडात प्रथमच आढळला. 'मिक्सोबोलस सेरेब्रालिस' या सूक्ष्म परजीवीचे जीवनचक्र दोन आश्रयदात्यांवर चालते : ट्राउट-साल्मन कुळातील मासे आणि तळगाळातील ट्युबिफेक्स कृमी. परजीवी पिलांच्या कूर्चेवर हल्ला करतो व मासा गोल गोल फिरू लागतो. मानवाला अपाय होत नाही. पण आधीच संकटात असलेल्या स्थानिक कटथ्रोट ट्राउटसाठी हा रोग घातक ठरू शकतो.

मेलेल्या माशातून बाहेर पडलेले बीजाणू चिखलात दीर्घकाळ टिकतात आणि नाव, वल्हे वा बुटाला चिकटून दुसऱ्या सरोवरात पोहोचतात. त्यामुळे 'स्वच्छ करा, निथळा, वाळवा' या सूत्रात पहिला शब्द निर्णायक आहे. चिखल तसाच राहिला तर वाळवण्याने फारसे साधत नाही. योहोतील एमराल्ड सरोवरात २०२३ मध्ये या रोगाची चिन्हे दिसल्यानंतर तेथील व कूटनीतील जलाशय नौकांसाठी बंद करण्यात आले. सहलीची आखणी करताना उद्यानाचे चालू आदेश आधी पाहावे लागतात, ते यामुळेच.

भारतात जलपर्णीचा अनुभव जुना आहे. कायदेशीर तरतूद मात्र अलीकडची. वन्यजीव (संरक्षण) सुधारणा अधिनियम, २०२२ अन्वये समाविष्ट कलम ६२-क केंद्र सरकारला आक्रमक परकीय प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांचे नियमन किंवा मनाई करण्याचा अधिकार देते. जैवविविधता कराराच्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्यातील (२०२२) सहावे लक्ष्यही याच विषयाचे आहे.