ढालकिड्याचे निकटचित्र : लहान प्रकाशपेटीचा उपयोग

उद्देश : ज्वारी वा कपाशीवर मावा पडला, की त्यामागोमाग ढालकिडा येतो. प्रौढ किडा व त्याची अळी, दोन्ही मावा खाऊन पिकाचे रक्षण करतात. परंतु अळी लांबट, काळसर, इवल्या सुसरीसारखी दिसते. तिला कीड समजून मुले चिरडतात. उलट, वांग्याची पाने खाणारा एक भुंगेरा ढालकिड्याच्याच कुळातील आहे. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, तर मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ बहुधा तुळतुळीत असते. मित्र व शत्रू यांतील हा भेद मुलांना चित्रातून दाखवावयाचा आहे.

अडचण : किडा जेमतेम ५ मिलिमीटर लांबीचा. इतक्या जवळून चित्र घेताना त्याचा थोडाच भाग रेखीव उमटतो. अधिक भाग रेखीव यावा म्हणून भिंगाचे छिद्र लहान, एफ/११ च्या सुमारास, ठेवावे लागते व मग प्रकाश पुष्कळ लागतो. तो फ्लॅशने मिळतो. तथापि उघड्या फ्लॅशचा झोत चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो आणि ओळखीची नक्षीच झाकून टाकतो.

तत्त्व : प्रकाश सौम्य की कठोर, हे वस्तूच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो यावर ठरते. १५ सेंटिमीटर रुंदीची पेटी तितक्याच अंतरावरून किड्यावर आभाळासारखी पसरते. १ मीटरवरून तीच लहानशा खिडकीएवढी भासते. म्हणून स्वस्त, लहान पेटी माणसाच्या चित्रास अपुरी पडली, तरी किड्यास पुरेशी होते.

कृती :
१. तयार पेटी नसल्यास पुठ्ठ्याच्या खोक्यास आतून पांढरा कागद चिकटवावा. एका बाजूस फ्लॅशच्या मापाचे भोक पाडावे व समोरची बाजू ट्रेसिंग कागदाने झाकावी.
२. फ्लॅश कॅमेऱ्यावरच असल्यास पेटी पुढे झुकवावी. अन्यथा भिंगाची सावली किड्यावर पडते.
३. पेटी किड्याच्या वर व किंचित बाजूस, शक्य तितकी जवळ आणावी. विरुद्ध बाजूस पांढरा कागद धरल्यास छाया उजळते.
४. कागद काही प्रकाश अडवितो. चित्र काळपट आल्यास प्रथम फ्लॅशची शक्ती वाढवावी. पेटी दूर नेऊ नये.

दक्षता : फ्लॅश मुलांच्या डोळ्यांवर उडवू नये. तो उघडून पाहू नये; आतील धारित्रात सेल काढल्यावरही विजेचा भार राहतो. लागोपाठ उडविल्याने फ्लॅश तापतो, म्हणून मध्ये विसावा द्यावा. किड्यास टाचणी टोचू नये वा पान तोडू नये. सकाळच्या गारव्यात तो मंद असतो, तेव्हा जागेवरच चित्र घ्यावे.

वर्गकार्य : एकाच किड्याची, उघड्या फ्लॅशची व पेटीची, अशी दोन चित्रे शेजारी ठेवून मुलांस विचारावे :
१. ठिपके कोणत्या चित्रात मोजता येतात?
२. पाठ तुळतुळीत आहे की लवयुक्त, हे कशावरून समजले?
३. पेटी दूर नेल्यास प्रकाशात कोणते दोन फरक पडतील?

त्यानंतर मुलांस शेतात नेऊन चित्रातील अळी जिवंत ओळखावयास सांगावे. ती ओळखून तिला पानावरच राहू दिले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.